कच्चं मडकं

शुक्रवारी रात्री साडेअकराला रिलीज गेला. 'ऑल गुड' असा क्लायंटचा मेल आला, लॅपटॉप मिटला आणि शनिवारी सकाळी सहाच्या बसनं पुण्याहून घरी निघालो. सॅकमध्ये लॅपटॉप नव्हता. एक बुटाचं खोकं होतं, आणि त्यात पेपरात गुंडाळलेले एका मातीच्या होल्याचे सात तुकडे.

होला म्हणजे तो साधा, तपकिरी, कबुतराचा गरीब चुलतभाऊ. आमच्याकडं विजेच्या तारेवर बसलेला असतो. मी तो चांगला भरीव केला होता, हातात घेतल्यावर वजन जाणवावं असा. चार दिवस वाळवला, भट्टीत घातला आणि आत लक्ष्मीबाँब लागावा तसा फुटला. जाताना शेजारचा एक मगही घेऊन गेला. मगवाल्या ताई समजूतदार होत्या, काही बोलल्या नाहीत. फक्त पुढचे दोन रविवार त्यांनी आपलं काम माझ्यापासून लांबच्या खणात ठेवलं. :)

तर सांगायचं म्हणजे, हा माझा छंद. वय अठ्ठावीस, कॉम्प्युटरची डिग्री, सोमवार ते शुक्रवार जावा आणि रविवारी चिखल. दीड वर्षापूर्वी एका मित्राबरोबर मातीकामाच्या क्लासला सहज गेलो आणि अडकलो. त्याच महिन्यात, ज्या सिस्टिमवर मी तीन वर्षं काम केलं होतं ती एका मेलनं बंद झाली होती. तीन वर्षांचं काम, आणि दाखवायला हातात काही नाही. क्लासमधून पहिल्या दिवशी एक वाकडी पणती घेऊन घरी आलो. ती अजून आहे. वाकडीच आहे, पण आहे.

नक्षी सुचते ती बहुतेक गावाकडच्या वीकेंडला. आमचा जिल्हा म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, पण माझ्या मार्कशीटवर उस्मानाबादच आहे आणि तोंडात अजून दोन्ही येतात.) पण एकदा पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगला येऊन बघा. बालाघाटच्या डोंगरात, खाली दरीत देऊळ, मागं धबधबा, आजूबाजूला अभयारण्य आणि तुमच्या हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. तिथून मी पानं गोळा करून आणतो, खाली पडलेलीच. मातीची पोळी लाटायची, पान शिरांची बाजू खाली करून ठेवायचं आणि वरून लाटणं फिरवायचं. पान काढायचीसुद्धा गरज नाही, भट्टीत ते जळून जातं आणि शिरा तेवढ्या राहतात. पळसाचं पान यात एक नंबर. सीताफळाचं साल मातीवर दाबलं तर जी खवल्यांची नक्षी उठते, ती हातानं कोरायला मला महिना लागेल.

अशा सीताफळाच्या नक्षीच्या पणत्या मी मागच्या दिवाळीआधी सोसायटीतल्या प्रदर्शनात ठेवल्या होत्या. चारचा सेट साडेचारशे रुपयांना. सहा सेट गेले! मी मोठ्या आनंदानं घरी फोटो पाठवला.

आईचा लगेच फोन आला. आप्पांचा नाही.

दोन दिवसांनी मीच विचारलं, "आप्पा, फोटो बघितले का?"

"बघितले," म्हणाले. मग थोडं थांबून, "तुला तिकडं काय कमी पडायलं का?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी क्लासमध्ये कुणाला सांगितलेली नाही. आम्ही कुंभार. माझे आजोबा, आबा, तेरपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या गावात मडकी घडवायचे. आप्पा शिकले, त्यांना सरकारी कारकुनाची नोकरी लागली, ते जिल्ह्याच्या गावी राहायला आले आणि चाक सुटलं. मी जन्मलो तोवर घरात मातीचं म्हणून काही नव्हतं. उन्हाळ्यातला माठसुद्धा आई बाजारातून आणायची, आणि आप्पा त्यातलं पाणी प्यायचे नाहीत. त्यांना फ्रिजचं लागायचं. लहानपणी मला ते फक्त विचित्र वाटायचं.

असो. होल्याचे तुकडे घेऊन मी घरी आलो तो ऑगस्टचा शनिवार. आप्पांनी खोक्यात डोकावून बघितलं, एक तुकडा उचलला, अंगठ्यानं त्याची तुटलेली कड चोळली आणि परत ठेवला. बोलले काहीच नाहीत. रविवारी सकाळी मी एकटाच गाडी काढून तेरला गेलो.

तेर हे माझं आवडतं ठिकाण. तेरणेच्या काठावरचं आज साधं दिसणारं गाव म्हणजे सातवाहन काळातलं 'तगर'. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, तिथून गाड्यांवर लादून कापड भडोच बंदराला जायचं आणि पुढं समुद्रापार. तिथल्या लामतुरे संग्रहालयात एका हस्तिदंती बाहुलीसमोर लोक जास्त थांबतात, कारण तिच्यासारखी दिसणारी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि आसपास सापडणाऱ्या हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. मी पूर्वी दोनदा गेलो होतो, पर्यटकासारखा. या वेळी मात्र हातून एक होला फुटलेला होता, आणि त्यामुळं बघायची नजर पार बदलली होती.

पांढऱ्या मातीच्या त्या छोट्या बाहुल्या बघा. केओलिन नावाची बारीक पांढरी माती. दोन साचे करायचे, एक पुढच्या अंगाचा, एक मागचा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग दोन अर्ध्या बाहुल्या एकमेकींना चिकटवायच्या. आतून पोकळ! मी ठोकळाच्या ठोकळा भट्टीत घातला होता. जाड मातीच्या पोटात पाणी अडकतं, शंभर अंशांच्या वर त्याची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की वस्तू फुटते. हे मला माझ्या होल्यानं शिकवलं. तेरच्या कारागिरांना दोन हजार वर्षांपूर्वी ते माहीत होतं, आणि त्यांचे कितीतरी होले फुटल्यावरच ते कळलं असणार.

दुसरी गोष्ट विटा. त्रिविक्रमाचं आणि उत्तरेश्वराचं, तेरची ही दोन्ही जुनी देवळं विटांची आहेत. तिथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. त्यात चमत्कार काही नाही. मातीत भुसा मिसळायचा, भाजताना तो जळून जातो आणि विटेत बारीक बारीक पोकळ्या राहतात. हे वाचलेलं मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि कळणं यात केवढं अंतर असतं ते घरी आल्यावर समजलं.

रात्री जेवताना मी उत्साहानं हे सगळं सांगत होतो. साचे, वाफ, पोकळ्या. आप्पा भाकरी कुस्करत ऐकत होते. मग ताटातून मान वर न करता म्हणाले, "लीद टाकली नाहीस तू."

"काय?"

"मातीत लीद. गाढवाची. नुसती माती फुटनार नाही तर काय व्हनार? लीद जळती, वाफंला वाट व्हती."

मी गप्पच झालो. क्लासच्या फीमध्ये, यूट्यूबच्या रात्रभरच्या व्हिडिओंमध्ये शोधत होतो ते उत्तर ताटाच्या पलीकडं अठ्ठावीस वर्षं बसलेलं होतं.

"तुम्हाला कसं माहीत?" असं मी विचारलं, आणि विचारल्याक्षणी लाज वाटली.

"धा वर्साचा व्हतो तवापास्नं तेच करायचो ना. शाळंच्या आधी पाटी घेऊन गाढवाच्या मागं. पोरं हसायची." मग माझ्याकडं बघून, अगदी शांतपणे, "तुजे हात त्यात जाऊ नयेत म्हनून नोकरी धरली मी. अन् तू पैसे भरून शिकायलास."

त्या रात्री झोप लागली नाही. आपण 'वारसा', 'मुळं', 'पारंपरिक कला' असे शब्द किती सहज वापरतो! प्रदर्शनातल्या माझ्या टेबलावर तर पुठ्ठ्याची पाटी होती, 'हातानं घडवलेलं, मनापासून'. आबांनीही हातानंच घडवलं. पण त्यांचं बलुतं होतं. संक्रांतीला घरोघरी सुगडं द्यायची, अक्षय्य तृतीयेला केळी, लग्नाला मडकी, उन्हाळ्यात माठ, आणि खळ्यावर जाऊन धान्य मागून आणायचं. पीक आलं तर. आप्पा म्हणतात, सगळ्या वर्षाच्या मडक्यांचे एका घरातून पायली-दोन पायली ज्वारी यायची, तीही देणाऱ्याच्या मर्जीनं. मला एखाद्या रविवारी कंटाळा आला तर मी जात नाही. आबांना आषाढात, माती वाळत नसताना, कंटाळा आला असेल तर त्यांनी काय केलं असेल? माझा होला फुटला तर मी त्यावर विनोद करतो. त्यांचा आवा बिघडला तर घरात चूल थंड. माती तीच, हातही त्याच रक्ताचे. फरक एवढाच की मला थांबता येतं.

मग मी हे सोडावं का? खरं सांगतो, महिनाभर सोडलंच होतं. क्लासला गेलो नाही. पण हाताला सवय लागलेली. मीटिंगमध्ये खोडरबर मळत बसायचो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, "आप्पा, विकणार नाही. पण एकदा तुमच्यासारखं करून बघायचंय. शिकवाल का?" ते काही बोलले नाहीत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीआधी म्हणाले, "चल."

गावातलं जुनं घर आता चुलत्याकडं असतं. माळ्यावरून आप्पांनी पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. लाकडी थापटणं, धरायच्या जागी झिजून खोलगट झालेलं. आबांचं. म्हणजे ते त्यांनी फेकलं नव्हतं! चाक केव्हाच गेलं होतं, म्हणून जुन्या मडक्याच्या बुडावर राख भुरभुरून त्यावरच माती थापायची ठरली. तळ्याची माती, चाळलेली राख आणि लीद. लीद मी आणली. पाटी घेऊन, गाढवाच्या मागं. कोणी हसलं नाही, उलट चुलतभावानं व्हिडिओ काढला. इतकाच काय तो पन्नास वर्षांतला बदल. आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात पाय घातले. साठी ओलांडलेला, इस्त्रीशिवाय शर्ट न घालणारा माणूस. पहिली दोन मिनिटं अवघडले. मग पाय आपोआप चालायला लागले, टाच आधी, मग चवडा, गोल गोल. मी फक्त बघत राहिलो.

तीन मडकी झाली. दोन त्यांची, एक माझं. तीन आठवडे सावलीत वाळली. मग एका शनिवारी गोवऱ्या आणि तुराट्या रचून आम्ही भाजली. साधारण पाचशे-सहाशे अंशांपाशी मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, आणि त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कंट्रोल-झेड आहे, याला नाही. हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "जाळाचा रंग बग, बोलू नको."

गोरोबाकाकांची ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ते तेरचेच. संत जमले होते, मुक्ताबाईंनी थापटण्याकडं बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. याच्यानं कच्चं-पक्कं मडकं कळतं, असं काका म्हणाले. मग आमचीही मडकी बघा, असं त्यांनी म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि निकाल लागला, हे मडकं कच्चं. ऑफिसात मी आमच्या टेस्टिंग टीमला नेहमी सांगतो की महाराष्ट्रातला पहिला टेस्टर आमच्या जिल्ह्यातला!

डिसेंबरात येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगतो, वेळ अमावस्या हा आमच्या लातूर-धाराशिवकडचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, त्यात पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं गार आंबील. या वेळी आंबील माझ्या मडक्यात होतं. चुलत्याच्या शेतापर्यंत मी ते स्वतः नेलं, सीटबेल्ट लावून.

कोपीत मडकं ठेवलं तर अर्ध्या तासात बुडाशी ओल आली. सगळ्यांनी ती बघितली, कुणी बोललं नाही. आप्पांनी वाकून बोटाच्या पेरानं मडक्यावर दोनदा टिचकी मारली आणि कान दिला.

"थोडं कच्चं ऱ्हायलंय," म्हणाले. मी रागावलो नाही. त्यांनी दुसरा पेला भरून घेतला. "पुढच्या बारीला तुराट्या वाढवू."

ते मडकं आता घरी ओट्यावर आहे. आई त्यात प्यायचं पाणी ठेवते. अजून झिरपतं, म्हणून तिनं खाली ताटली ठेवलीय. आप्पा त्यातलंच पाणी पितात.