धरण आणि शेजपाळी

अभियांत्रिकी की संगणकशास्त्र, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात बारावीच्या निकालानंतर घरोघर निघतो. परंतु तो बहुधा पर्सेंटाइल, फी आणि नोकरी यांच्या हिशेबात सोडवला जातो. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे, साखर कारखानदारीच्या पट्ट्यात, अशी महाविद्यालये सुरू झाली. जागा दुर्मीळ होत्या तोवर ‘प्रवेश मिळेल का’ ही चिंता साहजिक होती. जागा वाढल्यावर ‘विषय मानवेल का’ हा विचार पुढे यायला हवा होता, तो फारसा आला नाही.

या दोन विद्यांतील भेद जिल्ह्यातील प्रवरा नदीच्या पाण्यावरून उकलता येतो. या नदीवरील, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या दगडी धरणाची उंची सुमारे ८२ मीटर आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, म्हणून अशी भिंत पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी अरुंद ठेवावी लागते. दगड किती भार पेलेल, कालव्यातून किती पाणी झिरपेल, हे तंतोतंत कळत नाही. म्हणून अभियंता अपेक्षित भारापेक्षा अधिक ताकद राखून ठेवतो, आणि या राखीव प्रमाणालाच सुरक्षा-गुणक म्हणतात. पदार्थाच्या स्वभावाशी जुळवून घेत, अपुऱ्या माहितीवर जबाबदार निर्णय घेणे, हा अभियांत्रिकीचा गाभा होय.

तेच पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत उतरले की प्रश्न बदलतो. शेजपाळी, म्हणजे मंजूर अर्जांनुसार चारीच्या (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या) शेवटच्या टोकाकडून मुखाकडे क्रमाने पाणी देण्याची पद्धत, हा वस्तुतः अल्गोरिदम, म्हणजे निश्चित पायऱ्यांचा नियमबद्ध क्रम आहे. मधल्या एखाद्याने अर्जच केला नसेल तर पाळी कोणाकडे जावी, कोणाला दोनदा पाणी मिळणार नाही याची खात्री काय, शंभरांऐवजी दहा हजार खातेदार झाले तर हिशेब किती लांबेल, असे प्रश्न संगणकशास्त्राचे आहेत. तेथे दगड नसतो, नियम असतो. चुकलेली आज्ञावली क्षणात पुन्हा चालवता येते, पण चूक दडून बसते आणि ती हुडकण्यास वेगळी चिकाटी लागते. संगणक अभियांत्रिकीची शाखा या दोहोंच्या सीमेवर उभी आहे.

म्हणून मोबाइल सफाईने हाताळणे हे संगणकशास्त्राच्या कलाचे लक्षण नव्हे आणि पंपाचा स्टार्टर खोलण्याची हौस म्हणजेच अभियांत्रिकी नव्हे. खरी पारख स्वस्तात होऊ शकते. विद्यार्थ्याने चारीत पान सोडून ठरावीक अंतर कापण्यास लागणारा वेळ मोजावा आणि पृष्ठभागावरचे पाणी सरासरीपेक्षा वेगाने वाहते म्हणून आलेला वेग सुमारे ०.८५ ने गुणून, प्रवाहाच्या छेदाच्या क्षेत्रफळाशी गुणाकार करून विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, काढावा. नंतर दहा खातेदारांची शेजपाळी कागदावर अशा नियमांत बांधावी, की तिऱ्हाइतालाही ती न विचारता राबवता यावी. पहिल्या प्रयत्नात दोन्ही कामे बहुधा चुकतील. ज्या कामातला न जुळलेला हिशेब त्याला कोणी न सांगता पुन्हा वहीकडे नेईल, त्याच बाजूला त्याचा कल असण्याचा संभव अधिक.