निजण्याचें मूल्य

आमचे चिरंजीव बोस्टनला व कन्या कोपनहेगनला; त्यामुळें अटलांटिक ओलांडणें आम्हां उभयतांस वरचेवर घडतें. गुडघे दुखूं लागल्यावर विमानांत पाय पसरून निजणें ही चैन राहत नाहीं. तथापि बिझनेस क्लासचें भाडें पेन्शनरानें विचार करूनच द्यावें.

प्रथम, नांवावर भुलूं नये. आइसलँडएअरचीं 'सागा प्रीमियम' आसनें प्रशस्त खरीं, पण तीं सपाट होत नाहींत. शिवाय पहांटें केफ्लाविकला विमान बदलावें लागतें. उलट, एसएएसच्या लांब पल्ल्याच्या विमानांत आसनाची शय्या होते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही कंपनी स्कायटीम संघांत असल्यानें एअर फ्रान्स-केएलएमकडे साठविलेल्या मैलांवरहि तिचें आसन मिळूं शकतें.

दुसरें, पूर्वेकडील प्रवास बहुधा रात्रीं होतो, परतीचा दिवसा. म्हणून उंची तिकीट जातांनाच काढावें. येतांना साधें आसन पुरतें.

इतकेंहि करून दोन शय्या परवडत नाहींत, तेव्हां आम्ही एकच घेतों. "तुम्हीच निजा," असा कुटुंबाचा आग्रह असतो. परंतु चाळीस वर्षें घरांत सर्वांच्या मागून निजणारीस एका रात्रीं तरी आधीं निजूं द्यावें, असें आम्हांस वाटतें. आणि आम्ही मागें जाऊन बसतों.