डेल्फ्टचे पाणी

दिल्लीत राहून मला तीस वर्षे झाली. यमुनेच्या पुलावरून जाताना मोटारीची काच वर करण्याची सवय मात्र काही केल्या सुटत नाही. वाईला कृष्णेच्या घाटावर जिचे बालपण गेले, तिने नदीपासून असे तोंड फिरवावे, याची प्रारंभी लाज वाटे. पुढे तीही वाटेनाशी झाली. म्हणूनच, पाण्याच्या व्यवस्थापनाचे शिक्षण घेण्यासाठी मुलगी हॉलंडमधील डेल्फ्टला निघाली, तेव्हा ‘पोहण्याखेरीज पाण्यात शिकायचे काय?’ असे मी तिला विचारले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात पंधरा दिवस तिच्याकडे राहून आले.

हेगहून निघालेली आगगाडी भुयारातून डेल्फ्टला पोहोचते. गाव लाखभर वस्तीचे. कालव्यांच्या दोन्ही काठांना विटांची अरुंद, उंच घरे एकमेकांना खेटून उभी. घरातले जिने इतके उभे, की त्यांना शिडी म्हणणेच योग्य. अशा जिन्यावरून कपाट चढणार कसे? त्यासाठी अनेक घरांच्या माथ्याशी लोखंडी आकडा असतो. त्याला दोर बांधून सामान थेट खिडकीतून आत घेतात. खिडक्यांना पडदे असतात, पण ते ओढलेले क्वचितच दिसतात. रस्त्यावरून जाताना लोकांची जेवणाची टेबले दिसत आणि मलाच संकोच वाटे. जेवण सायंकाळी सहालाच! दुसऱ्या दिवशी वाऱ्याने माझी छत्री उलटीपालटी करून टाकली. तिथे पाऊस वरून पडतो त्याहून अधिक समोरून येतो. त्यामुळे छत्रीच्या भानगडीत न पडता लोक रेनकोट घालून मुकाट्याने सायकल हाकतात.

गावातील जुन्या चर्चचा मनोरा सुमारे दोन मीटर कललेला आहे. तो बांधताना कालव्याचा काही भाग बुजवून जागा केली; भरावाची जमीन खचली आणि मनोरा झुकला. याच चर्चमध्ये चित्रकार व्हर्मीर आणि सूक्ष्मजंतू प्रथम पाहणारा लेवेनहूक या दोघांना चिरविश्रांती मिळाली आहे. दोघेही १६३२ साली याच गावात जन्मले. लेवेनहूक कापडाचा व्यापारी. जवळच्या एका तळ्याचे पाणी त्याने १६७४ मध्ये आपल्या भिंगाखाली पाहिले, तर त्यात जीव वळवळताना दिसले. पाण्याकडे इतक्या जवळून पाहावेसे वाटणे, हे मला या गावचे वैशिष्ट्य वाटले.

डेल्फ्ट हे नावच मुळी ‘खणणे’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. भोवतालची बरीच जमीन समुद्रसपाटीहून खाली. पडलेले पावसाचे पाणी आपले आपण वाहून जात नाही. शेतांतल्या चरांमधून ते उपसून वरच्या कालव्यांत चढवायचे आणि तेथून समुद्राकडे न्यायचे, हा तिथला नित्याचा उद्योग. पवनचक्क्या केवळ पीठ दळण्यासाठी असतात, अशी माझी समजूत होती. हॉलंडमधल्या कितीतरी चक्क्यांनी शतकानुशतके पाणीच उपसले. आज ते काम पंप करतात. या सर्वांवर देखरेख ठेवणारे मंडळ १२८९ पासूनचे आहे. त्यावर रहिवासी मतदान करून प्रतिनिधी निवडतात आणि त्यासाठी निराळा करही भरतात. मुलीच्या घरमालकीणबाईंनी मला ते बिल दाखवले. रक्कम वाढली म्हणून त्यांनी कुरकूरही केली. पण आपल्या गल्लीतले पाणी कोणत्या पंपाने उपसले जाते, हे त्यांना ठाऊक होते. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून त्या देशात १८३६ माणसे दगावली. त्याविषयी त्या घरातल्या गोष्टीसारखे बोलत. तिथल्या मुलांना पोहण्याची परीक्षा अंगावरच्या कपड्यांनिशी द्यावी लागते. कालव्यात पडणारे मूल काही पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही!

हे ऐकत असताना मला २०२३ चा जुलै आठवत होता. त्या महिन्याच्या १३ तारखेला दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. मयूर विहारजवळच्या खादरातली भाजीची शेते बुडाली, माणसे रस्त्याकडेला ताडपत्रीखाली आली. आणि त्याच पुरात वजिराबाद, चंद्रावल व ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडल्याने शहरात पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली! आमची मुलगी तेव्हा रोज पोळ्यांचा डबा घेऊन त्या वस्तीकडे जात असे. मी तिला साथीच्या रोगांची भीती घालत होते.

निघण्याच्या आदल्या रात्री मी तिला म्हणाले, “इथली हवा चांगली, पाणी चांगले. शिक्षण संपल्यावर इथेच राहा.” हे वाक्य उच्चारायला मला पंधरा दिवस लागले होते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, प्रबंधासाठी मी साहिबी नदी घेतली आहे.”

“ही कुठली?”

“तू तिला नजफगढचा नाला म्हणतेस.”

मी निरुत्तर झाले. तिथे खणलेल्या चराने गावाला नाव दिले होते. इथे नदीचे नावसुद्धा आम्ही विसरलो होतो. परतण्याविषयी तिने पुढे काहीच सांगितले नाही. मीही विचारले नाही. तिने माझ्यावर एक काम मात्र सोपवले. आमचा भाजीवाला खादरातच राहतो. २०२३ चे पाणी कुठवर चढले होते, त्याची खूण त्याने आपल्या विहिरीच्या पंपाच्या खोलीवर चुन्याने करून ठेवली आहे. ती जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजून कळवायचे.

दिल्लीला परतल्यावर पहिल्याच रविवारी मोजपट्टी घेऊन गेले. खूण माझ्या हाताच्याही वर होती. शेवटी त्यानेच शेजाऱ्याकडून शिडी आणली, आणि मी चढेपर्यंत ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.