तो, ते आणि हे

माझ्या कथेतला माणूस सात महिने मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर उभा होता. त्याला ‘तो’ म्हणावं की ‘ते’, हे माझं ठरत नव्हतं, म्हणून त्याची बस येत नव्हती.

माणूस म्हणजे माझे वडील. निपाणीहून बंगळुरात आले, जलाहळ्ळीच्या घड्याळांच्या कारखान्यात नोकरीला. तीस वर्षं इथे काढली, पण डोळ्यांसमोर बोर्ड असतानाही बस पकडायची ती कुणाला तरी विचारूनच. तेही मोडक्या कन्नडमध्ये. मी दहा वर्षांची, शाळेत कन्नडमध्ये पहिली येणारी. दोन पावलं मागे सरकून दुसऱ्याच कुणाची मुलगी असल्यासारखी उभी राहायची. ती लाज कथेत यावी, एवढंच मला हवं होतं.

एरवी मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. (हे वाक्य वाचताच मी बाई आहे हे तुम्हाला कळलं. कन्नडमध्ये कळलं नसतं. ‘नानु होदे’ म्हणजे मी गेलो, आणि मी गेलेसुद्धा.) मागे एका कथेतला ‘मी’ पुरुष की बाई, हे लेखकाने शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवलं होतं. मराठीत मी ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’, ‘मी जात असे’ अशांच्या आडोशाने अकरा पानं रेटली. पण साधं गेलो-आलो म्हणायची चोरी, त्यामुळे मुळात गावभर भटकणारं ते माणूस माझ्याकडे खिडकीत बसून राहिलं. व्याकरणापायी स्वभावच बदलला. तो अनुवाद मी छापायला दिला नाही.

एम.ए.ला जेरार जेनेट वाचताना ‘कोण बोलतं’ आणि ‘कोण पाहतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं पाठ केलं होतं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन स्वतः ‘मी’ म्हणून बोलतात. भैरप्पांच्या ‘पर्व’मध्ये (१९७९) निवेदक बहुतेक तृतीयपुरुषातच राहून एकेकाच्या मनात शिरतो. महाभारत तेच. परीक्षेत यावर मी चांगलं लिहिलं होतं. स्वतःच्या बापावर लिहिताना त्याचा उपयोग झाला नाही.

‘बाबा उभे होते’ असं लिहिलं की मी दहा वर्षांची होते. ते मोठे, मी लहान. त्यांच्या मनात शिरायचा मला अधिकारच नाही. मग एका रात्री सगळे ‘ते’ खोडून ‘तो’ केले. ‘तो उभा होता. बोर्डाकडे पाहत होता.’ आणि एकदम दिसलं की हा माणूस अडतीस वर्षांचा आहे. आज मी आहे त्याहून सहा वर्षांनी लहान. पँटला इस्त्री नाही, हातात रेशनची पिशवी, परक्या गावात. त्याच्या मनात काय असेल ते मी भराभर लिहून काढलं: अपमान, न्यूनगंड, गावाची ओढ. कन्नडमध्ये ‘अवनु’ आणि ‘अवरु’ यांच्या मध्ये ‘आत’ अशी एक सोय आहे, जराशा अदबीची, पण क्रियापद एकवचनीच. मराठीत ती असती तर मी कदाचित तिथेच थांबले असते.

मसुदा आईला वाचून दाखवला. ती पहिल्याच ओळीला अडली.

“तो काय गं? बाप आहे ना तुझा?”

“कथेत आहे, आई. पात्र आहे ते.”

पुढचं तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “पण ह्यांना बोर्ड वाचता यायचा की. आल्यावर वर्षभरात शिकले होते.”

“मग विचारायचे कशाला?”

“हे म्हणायचे, विचारलं की चार माणसं बोलतात.”

माझा अपमान, न्यूनगंड, सगळी अडीच पानं गेली. आईला लगेच विश्वास ठेवावा असंही नाही. तिच्या आठवणीत हे कधी कुठे चुकलेच नाहीत. पण ‘हे’ मला सुचलंच नव्हतं. बायकोचं, नाव न घेणारं, माणूस शेजारीच बसलाय असं धरून चालणारं.

नव्या मसुद्यात निवेदन आईचं आहे. अडचण एकच: आई तेव्हा स्टँडवर नव्हती. ती घरी कुकर लावून वाट पाहत होती. तिला ठाऊक आहे ते ह्यांनी घरी येऊन सांगितलेलं: आज कोण भेटलं, कुठल्या गावचा निघाला. दोन पावलं मागे सरकलेल्या मुलीबद्दल ह्यांनी कधी काही सांगितलं का, ते विचारायचं राहिलं आहे.