रस्ता कुणाला विचारायचा?

माझ्या भाच्याने बँकेचे कर्ज काढून भाड्याने चालवण्यासाठी मोटार घेतली, तेव्हा विक्रेत्याने एक जादा वस्तू त्याच्या गळ्यात मारण्याचा खूप प्रयत्न केला. गाडीत समोर बसवायचा मोठा पडदा. त्यावर नकाशा दिसतो, आपली गाडी कुठे आहे ते दिसते आणि आतून एक बाई सांगत असते, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. भाच्याने मला फोन केला, "मामा, घेऊ का?" मी पडलो कारकून माणूस; आधी हप्ता कितीने वाढेल ते विचारले. शेजारी आमच्या वस्तीतले तात्या बसले होते. त्यांची सारी नोकरी एस.टी.च्या चाकावर गेली. ते म्हणाले, "त्याला तोंड आहे ना? मग पडदा कशाला?"

भाच्याने पडदा घेतला नाही. पण हातातल्या मोबाईलमध्ये तोच नकाशा फुकट असतो, तो त्याने स्टँडला लावला. तात्यांचे म्हणणे खरे की मोबाईलचे, याचा निकाल जानेवारीत आमच्या विहाराच्या सहलीत लागेल असे सगळ्यांना वाटले होते. निकाल लागला, पण सरळ लागला नाही.

पहाटे पाच वाजता नाशिकरोडहून वंदना घेऊन निघालो. सतरा आसनांचा एक टेम्पो आणि पुढे भाच्याची मोटार. मोटारीत तात्या, मी, आमची मंडळी आणि धाकटा मुलगा. ठरले होते असे की बाबासाहेबांच्या प्रवासाच्या खुणा पाहत जायचे: आधी चाळीसगाव, मग पितळखोऱ्याची लेणी, कन्नड तालुक्यात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ-दौलताबाद.

चाळीसगावला स्टेशनाबाहेर चहा घेताना मी मुलांना टांग्याची हकीगत सांगितली. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ती आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांच्या आग्रहाखातर ते एक रात्र तेथे राहायला तयार झाले. वस्ती स्टेशनपासून लांब, नदीपलीकडे. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला राजी होता. महाराला बसवून स्वतः हाकायला मात्र राजी नव्हता. तेव्हा वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्या बिचाऱ्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, टांगा घोड्यासकट नदीत गेला. बॅरिस्टर झालेल्या, सरकारी समितीवर असलेल्या माणसाची ही गत.

तात्या गप्प ऐकत होते. ग्लास ठेवून म्हणाले, "त्या गड्याला रस्ता पाठ होता. स्वतःच्याच घरचा रस्ता तो. हात बसलेला नव्हता." भाच्याकडे बघून पुढे म्हणाले, "नकाशा नंतर. आधी हात."

नकाशाने फजिती केली ती पुढच्याच टप्प्यात. भाच्याने मोबाईलवर पितळखोरे शोधले आणि अंतर पाहून पाटणादेवीच्या बाजूने गाडी घातली. नकाशात पाटणादेवी आणि पितळखोरे यांच्यात बोटभर अंतर दिसते. ते खोटेही नाही. पण मध्ये सातमाळा डोंगराचा कडा उभा आहे, तो सपाट पडद्यावर कळत नाही. पाटणादेवीला रस्ता संपला. तिथे चहा विकणारी एक बाई होती. तिने वर बोट केले. "लेणी ती वर. पायवाट हाय, पण या म्हाताऱ्या कशा चढतील? गाडी न्यायची तर कन्नडवरून जा." आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या तीन उपासिका होत्या. गाड्या माघारी वळवल्या. दोन तास आणि तेवढे डिझेल पाण्यात गेले. तात्या एक शब्द बोलले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. मी असतो तर बोललो असतो.

कन्नड घाटात, ज्याला औट्रम घाटही म्हणतात, मोबाईलची रेंज गेली आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. येथे वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्यातही पुष्कळांना ठाऊक नव्हती. आपण कुठे आहोत हे मोबाईलला सुमारे वीस हजार किलोमीटर उंचावरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून कळते. किमान चार उपग्रहांचा संदेश मिळाला की तो आपली जागा काढतो. ही व्यवस्था मूळची अमेरिकेच्या सैन्याची. सामान्य लोकांना मिळणारा संदेश ते मुद्दाम थोडा बिघडवून देत. मे २००० मध्ये ते बंद झाले आणि मगच हे यंत्र रस्त्यावर खरे उपयोगी पडू लागले. उपग्रहाच्या संदेशाला पैसे लागत नाहीत की रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचे चित्र उतरवायला. म्हणून घरून निघतानाच त्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा, मग घाटातही तो चालतो. भाच्याला हे ठाऊक होते, पण त्याने केले नव्हते. पाहुण्याकडे जाताना पत्त्याचा कागद घरी विसरावा तसे.

घाटात तात्यांनी नुसत्या हाताच्या खुणांनी गाडी वर नेली. वळण येण्याआधी हात उठे. कुठे दुसरा गिअर टाकायचा, समोरून ट्रक आल्यावर कुठे दबून उभे राहायचे, हे नकाशात नसते.

वर आल्यावर एका फाट्यावर गाडी थांबवून तात्यांनी एका गृहस्थांना लेण्यांचा रस्ता विचारला. गृहस्थांनी आधी गाडीवरचा निळा झेंडा पाहिला, मग विचारले, "कुठले तुम्ही? कोणाकडचे?" तात्या म्हणाले, "नाशिकचे. जयभीमवाले." गृहस्थ क्षणभर थांबले आणि मग त्यांनी नीट रस्ता सांगितला, कुठे खड्डे आहेत तेही सांगितले. काही वाईट झाले नाही. तरी तो क्षणभराचा थांबा गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ओळखला.

पुढे तात्या स्वतःच बोलले. तरुणपणी परगावी नातेवाइकांकडे जाताना गावात शिरल्यावर वस्ती कुठे हे विचारावे लागे. वस्ती विचारली की जात सांगितल्यासारखेच. मग कुणी नुसती हनुवटी हलवी, कुणी गावाबाहेरून लांबच्या वाटेने जायला सांगे. "म्हणून मी कंडक्टरला विचारायचो," ते म्हणाले. तोंड आहे ना, असे म्हणणाऱ्या तात्यांचे हे बोलणे ऐकून भाच्याने नुसते माझ्याकडे पाहिले. त्याच्या यंत्राच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष तात्यांनीच दिली होती. ती बाई रस्ता सांगण्याआधी "कोणाकडचे" असे विचारत नाही.

पितळखोऱ्याला पोचायला दुपार झाली. गाडी वर लावून खोल घळीत पायऱ्या उतरायच्या. वरून लेणी दिसत नाहीत. निम्म्या पायऱ्या उतरल्यावर समोरच्या कड्यात अचानक दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली ही लेणी. चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोसळला आहे, पण खांबांवर भगवंतांची आणि भिक्खूंची रंगीत चित्रे अजून आहेत. ती नंतरच्या काळातली. शेजारच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आणि दारात भाले घेतलेले दोन द्वारपाल. आमच्या उपासिकांनी तिथेच बसून त्रिसरण पंचशील म्हटले आणि घळीतून आवाज फिरून आला.

खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एक प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळातला मितदेव. इथे सापडलेली यक्षाची एक मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्या हातावर कोरले आहे. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे. पैठणहून हा डोंगर गाठायचा तर त्या काळी किती ठिकाणी विचारत यावे लागले असेल, असे मनात आले.

संध्याकाळी मुक्कामाला माझ्या साडूभाऊंच्या गावी निघालो. अंधार पडला होता, रेंज परत आली होती आणि भाच्याने गावाचे नाव घालून गाडी सोडली. या वेळी नकाशा अगदी बरोबर चालला. एक फाटाही चुकला नाही. वस्तीच्या कमानीखाली गाडी उभी राहिली आणि मोबाईलमधल्या बाईने, त्याच गोड आवाजात, आपण पोचल्याचे सांगून वस्तीचे नाव घेतले. कमानीवर 'भीमनगर' असे ठळक लिहिलेले होते. बाईने घेतले ते जुने नाव, जातीचे.

गाडीत कोणी बोलले नाही. धाकट्याने विचारले, "पप्पा, ती काय म्हणाली?" त्याची आई म्हणाली, "काही नाही, उतर."

जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्याआधीच आपल्या लोकांनी हजारो वस्त्यांना समतानगर, भीमनगर अशी नावे स्वतः दिली होती. पण यंत्राला कोणी शिकवले नव्हते. यंत्र जात विचारत नाही हे खरे, पण कुणीतरी भरून ठेवलेली जात ते तशीच बोलून दाखवते. जेवताना हा विषय निघाला तेव्हा साडूभाऊंची अकरावीतली मुलगी म्हणाली, "काका, नकाशात दुरुस्ती पाठवता येते." तिने बॅटरीच्या उजेडात कमानीचा फोटो काढला आणि नवे नाव लिहून पाठवले. तात्या तिच्या खांद्यावरून पाहत होते. "असं करता येतं होय?" एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेरूळ झाले. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही. दौलताबादला मात्र पाय जड झाले. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले, तेव्हा निजामाच्या मुलखात आपण कोण हे कुणाला कळू द्यायचे नाही असे ठरवून निघाले होते. किल्ल्याच्या दाराशी हौदावर धुळीचे हातपाय धुतले आणि तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून ओरड झाली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई घेऊन.

परतताना भाच्याने मोबाईल दाखवला. दोन दिवसांत गाडी कुठे कुठे थांबली याची निळी रेघ त्यात उमटली होती: पाटणादेवीची चूक, फाटा, भीमनगरची कमान, सगळे. त्यांना नाव लपवून फिरावे लागले. आमची मात्र प्रत्येक थांब्याची नोंद कुणाकडे तरी जमा होत होती. मला ते आवडले नाही. ही नोंद बंद करता येते. भाच्याने माझ्यासमोर बंद केली.

पडद्याचे म्हणाल तर तो नको, हे माझे मत कायम आहे. तेवढ्या पैशात चांगले दोन टायर येतील. मोबाईल आणि स्टँड पुरे. नजर रस्त्यावर ठेवून कानाने ऐकावे, घाटात माहितगार माणूस पुढे बसवावा आणि डोंगरात शिरण्याआधी एकदा खाली उतरून विचारावे, क्षणभराचा थांबा सोसूनसुद्धा.

तात्या रोज संध्याकाळी विहारात भेटतात. जयभीम झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "आलं का रे नाव?" मी मोबाईल उघडून दाखवतो. अजून आलेले नाही. परवा त्या मुलीने पुन्हा पाठवले.