कलाकुंडचा कलाकंद आणि कपभर चहा

माझी आई आज ८४ वर्षांची आहे. १९६१ साली लग्न होऊन ती भुसावळहून इंदूरला आली. त्या काळी खांडव्याला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसावे लागे. घाट चढण्यापूर्वी कलाकुंडच्या फलाटावर कलाकंद घ्यायचा, मग पातालपाणीचा धबधबा, मग महू, आणि शेवटी इंदूर. नव्या नवरीने पदराआडून पाहिलेला हा प्रवास तिने मला दोन वर्षांपूर्वी इतक्या बारकाव्याने सांगितला, की मी लॅपटॉप उघडून तो टंकित करावयास बसलो. पुढे सवयच जडली. रोज संध्याकाळी ती सांगे, मी लिही. ११२ पाने झाली. आता तिला विचारले, तर गाडी खांडव्याच्या पुढे जात नाही.

या ११२ पानांची दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. विद्यार्थ्यांना तीस वर्षे 'पक्की वही वेगळी ठेवा' असे बजावणाऱ्या मुख्याध्यापकाचे हे वर्तन! पुण्याचा मुलगा दर फोनला आठवण करी, आणि मी 'रविवारी पाहू' म्हणे.

रविवारीच ते घडले. आईला तिच्याच आठवणी वाचून दाखवीत होतो. पडद्यावरच्या अक्षरांना हात लावून पाहावे असे तिच्या मनात आले असावे. हात कापला, आणि आले घातलेला, दोन चमचे साखरेचा, कपभर कढत चहा कळफलकावर कलंडला.

"आई, काय केलंस हे!" मी ओरडलो. शाळेच्या पटांगणावर ओरडावे, तसा.

मी पंचाने अक्षरे पुसत बसलो. शहाणपण सुचले ते सौभाग्यवतींना. "अहो, पुसता काय, आधी वायर काढा!" वायर निघाली, तरी पडदा उजळलेलाच होता, कारण बॅटरी पोटात असते. तोवर मुलाला फोन लागला. "बाबा, बटण दाबून धरा. पडदा काळा झाला तरी लगेच सोडू नका. मग उघडाच पालथा घाला, तंबूसारखा." तसे केले. चहा ज्या वाटेने आत शिरला होता, त्याच वाटेने थेंब थेंब टेबलावर उतरू लागला.

घाई कशासाठी, हे मला मागाहून उमगले. नुसत्या ओलाव्यापेक्षा ओलाव्यात खेळणारा विजेचा प्रवाह अधिक घातक. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु चहात क्षार असतात, दूध असते. प्रवाह चालू राहिला, की आतल्या तांब्याच्या केसासारख्या रेषा पाहता पाहता खाल्ल्या जातात. साखर तर वाळून डिंक होते. म्हणजे साधे पाणी सांडलेला मनुष्य त्यातल्या त्यात सुदैवी म्हणायचा!

शेजारच्या काकांनी तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला दिला. मी डबा काढलाही होता. मुलाने फोनवरूनच थांबवले. तांदूळ आतला ओलावा शोषून घेत नाहीत, उलट त्यांची भुकटी फटींत जाऊन बसते. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवाही नको, तिने द्रव अधिकच आत सरकतो. संध्याकाळपर्यंत यंत्र वरून कोरडे ठणठणीत दिसू लागले. 'एकदा चालू करून पाहावे' या मोहाने माझे बोट दोनदा बटणापर्यंत गेले. ते मागे घेण्यास किती बळ लागले, ते माझे मलाच ठाऊक.

सोमवारी जेल रोडवरच्या कारागिराकडे गेलो. त्याचा पहिलाच प्रश्न, "मास्साब, चालू करके तो नहीं देखा?" परीक्षेत उत्तर बरोबर आलेल्या मुलाच्या तोऱ्यात मी "नहीं" म्हणालो. त्याने मागचे झाकण उघडून आधी बॅटरी सोडवली. हिरव्या पट्टीवर तपकिरी ओघळ वाळले होते, आणि दुकानभर आल्याचा मंद वास पसरला. मऊ कुंचल्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, तो दात घासावेत तशी ती पट्टी घासू लागला. कळफलक गेलाच होता, तो नवा घालावा लागला. पण त्यापूर्वी त्याने माझ्या विनंतीवरून स्मृतीची चपटी पट्टी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. काही यंत्रांत ती डाखलेली असते, निघत नाही, माझी निघाली. पडद्यावर नावांची यादी उमटली. तीत 'कलाकुंड' दिसले, तेव्हा मी त्याच्या स्टुलावर मटकन बसलो. तिथेच दोन पेनड्राइव्ह विकत घेतले.

घरी मात्र निराळेच चालले होते. आई दोन दिवस चहा नको म्हणत होती. सौभाग्यवतींनी खोदून विचारले, तर काय सांडले, कशावर सांडले, यातले तिला काहीच आठवेना. मी रागावलो होतो, एवढेच लक्षात राहिलेले. "माझं काही चुकलं का रे?" तिने मला विचारले. मी नाही म्हणालो. दुसरे काय म्हणणार? ओरडलो ते मात्र पुसता येईना.

दुरुस्त यंत्र आले त्या संध्याकाळी पुन्हा वाचावयास बसलो. खांडवा मागे पडले, कलाकुंड आले. आई मन लावून ऐकत होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. "कुणाची गोष्ट रे ही?"

"तुझीच," मी म्हणालो, आणि तिचा कप खिडकीजवळच्या तिपाईवर ठेवला.