लेकराचं अंग तापतं तेव्हा

आमच्या डोंगरकड्याकडे हळद काढणीच्या दिवसांत बाईमाणसाला घरी बसणे परवडत नाही. अशा वेळी दीड महिन्याच्या लेकराच्या मांडीत सुई टोचली, ते रात्रभर फणफणले, की दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. मग पुढच्या डोसाला आई म्हणते, "राहू द्या हो आत्या, पोरगं पुन्हा तापंल." तिला अडाणी म्हणून हिणवणारे सुशिक्षित आपल्या समाजातही आहेत. त्यांनी आधी तिच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब करावा.

माझ्या नातवालाही ताप आला होता. सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लस दिली आणि संध्याकाळी अंग तापले. डावी मांडी लाल झाली, टोचल्या जागी गाठ आली. पोरगं पायाला हात लावू देईना. सून घाबरून गेली. शेजारच्या मावशी मायेने हळद-चुन्याचा लेप घेऊन आल्या. मी तो लावू दिला नाही. त्या जागी काही चोळायचे नसते, शेकायचेही नसते. सुनेने बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर पाजले, मी गार पाण्याची घडी मांडीवर ठेवली, आणि सिस्टरने दिलेले पॅरासिटामॉल तिने सांगितले तेवढेच दिले. दुसरी रात्र बरी गेली. गाठ मात्र बरेच दिवस हाताला लागत होती. ती आपोआप विरली.

हा ताप का येतो, हे आईला कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे. या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच रोगांवरची लस असते. सरकारी लशीतला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूंचा असतो. शरीर त्यांना शत्रू समजून उठते, म्हणून अंग तापते आणि एक-दोन दिवसांत उतरते. बीसीजीची तऱ्हा वेगळी. काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, फुटतो, वण राहतो. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या लशीचा ताप तर आठवडाभराने येतो. तोवर घरचे लस विसरलेले असतात.

पण "ताप यायचाच" म्हणून सगळेच अंगावर काढू नये. तीन तास उलटले तरी रडणे थांबत नाही, झटके येतात, बाळ निपचित किंवा पांढरेफटक पडते, तर तडक दवाखाना गाठावा. अंगावर गांधी उठून श्वास अडकण्याचा प्रकार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा सुईनंतर थोड्या मिनिटांतच. अर्धा तास थांबा म्हणतात ते त्यासाठी. त्यावरचे इंजेक्शन तिथे हाताशी असते.

माणसांच्या हातूनही चुका होतात. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. लेकरांना उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवावे लागले. सुदैवाने सगळी बरी झाली. दोष लशीचा नव्हता, बाटली न पाहता हात चालवणाऱ्यांचा होता. तेव्हा "बाई, लस कोणती? मुदत कधीची?" हे विचारायला लाजू नये. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते वस्तीतल्या कुजबुजीला लागू आहे, तसेच टेबलामागे बसलेल्यालाही. आधीच्या डोसानंतर झटका आला असेल, तर पुढच्या सुईआधी कार्ड दाखवून डॉक्टरांना सांगावे.

रमाई-बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव हाती लागले. लाडका राजरत्न १९२६ साली न्यूमोनियाने गेला. त्या काळी बाळांना द्यायला त्यावर लस नव्हती. आता न्यूमोनियाच्या एका मोठ्या जंतूवरची न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात आहे. २०२१ पासून ती देशभर फुकट मिळते. सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना, असे तिचे तीन डोस. तिनेही अंग तापते, मांडी सुजते. ती उजव्या मांडीत देतात.